'आम्ही बांगलादेशी नाही' एवढं म्हणून भागणार नाही

२०२५ च्या जून महिन्यात मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेण्यात आलं. घरच्यांनी कागदपत्रं पाठवली, पश्चिम बंगालच्या अधिकाऱ्यांनी इकडे संपर्क साधला. तरीही त्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली केलं गेलं आणि १४ जूनला पहाटे सीमेपलीकडे ढकलून देण्यात आलं. मुंबई परिसरात मजुरी करणारे मुर्शिदाबाद आणि बर्धमान जिल्ह्यांतले आणखी काही जण त्याच फेऱ्यात सापडले. पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केली तेव्हा हे लोक भारतीय नागरिक असल्याचं मान्य होऊन त्यांना परत आणण्यात आलं.

दिल्लीत राहणाऱ्या बीरभूमच्या एका गरोदर बाईचं प्रकरण तर याहून लांबलं. तिलाही त्याच जूनमध्ये सीमेपार पाठवलं गेलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये ती मुलासह परत येऊ शकली. मधले सहा महिने ती परक्या देशात होती.

ही उदाहरणं मी मुद्दाम आधी मांडतो आहे. कारण 'बेकायदा घुसखोरी' या विषयावर आपल्याकडे जी चर्चा होते ती आकड्यांपासून सुरू होते, आणि ते आकडे कुठून आले हे कोणी विचारत नाही. कोणी लाखांत बोलतं, कोणी कोटींत. माणसापासून सुरुवात केली की प्रश्न सरळ होतो. एखाद्याला देशाबाहेर काढण्याआधी तो कोण आहे हे नीट तपासलं गेलं का? नसेल, तर आज जे त्याच्या बाबतीत झालं ते उद्या कोणाच्या बाबतीत होणार नाही?

मी डिलाईल रोडला राहतो. आमच्या भागात सध्या जिकडे बघाल तिकडे बांधकाम आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, अपोलो मिलच्या जागेवर टॉवर उभे राहून वर्षं झाली. २०१८ मध्ये बंद झालेला लोअर परळचा पूल २०२३ मध्ये पूर्ण उघडला. हे सगळं बांधणारे हात कोणाचे आहेत ते संध्याकाळी साइट सुटताना दिसतं. झारखंड, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बंगाल. त्यातले मालदा-मुर्शिदाबादचे कामगार अलीकडे रस्त्यावर आपसात बोलताना आवाज खाली आणतात. फोनवर आईशी बोलायचं तर साइटच्या आत जाऊन बोलतात. बांगला ही भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, राष्ट्रगीत ज्या कवीने लिहिलं त्याची भाषा आहे. पण मुंबईच्या रस्त्यावर ती बोलणं आज जोखमीचं झालं आहे.

या वातावरणात आपल्या तरुण वाचकांकडून एक सूचना वारंवार येते. आपणही मोर्चा काढू या. फलकावर लिहू या, 'आम्ही बांगलादेशी नाही, आम्ही इथले मराठी मुसलमान'. या भावनेमागचा राग मला कळतो. साताऱ्याकडचं गाव, घरात मराठी, शाळा महापालिकेची मराठी माध्यमाची, आणि तरी भाड्याने खोली बघायला गेलं की नाव ऐकून दलालाचा चेहरा बदलतो, हे मीही बघितलं आहे. तरीही या फलकाला माझा विरोध आहे. का, ते सविस्तर सांगतो.

गिरणगावाची आठवण

डिलाईल रोडचं कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटकच्या स्थापनेत भाग घेतला. एका कामगार पुढाऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर आपण राहतो, तेव्हा या रस्त्याने 'उपरा' या प्रश्नाचं काय केलं हे आपल्याला माहीत असायला हवं.

गिरणगाव हे पूर्णपणे बाहेरून आलेल्यांचंच गाव होतं. रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे लोक आले. मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आले. तेलंगणातले पद्मशाली आले. नोकरी लागायची ती जॉबरच्या हातून. जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणायचा आणि त्यांच्याकडून दस्तुरी घ्यायचा. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. आजच्या मुकादमाची आणि नाक्यावरच्या मजुराची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

१९२८ मध्ये या कामगारांनी सहा महिने संप केला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या एकजुटीतही भेग होती. दलित कामगारांना विणकर खात्यात जाऊ दिलं जात नव्हतं, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ होई. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. कामगार म्हणून एक, पण माणूस म्हणून एक नाही, अशी ती अवस्था होती.

मग आलं १९२९. शिवडीच्या तेल कंपन्यांत संप चालू होता आणि मालकांनी तो फोडायला पठाण कामावर घेतले. संपकरी आणि पठाण यांच्यात मारामाऱ्या झाल्या. इथपर्यंत तो कामगार आणि संपफोडे यांचा झगडा होता. पण फेब्रुवारीत अफवा उठली की पठाण लहान मुलं पळवतात. ती अफवा गिरणगावात पसरली, पठाणांवर हल्ले झाले आणि पाहता पाहता त्याची हिंदू-मुस्लिम दंगल झाली. सुमारे दीडशे माणसं मेली. ज्या मदनपुऱ्याचा विणकर आदल्या वर्षी संपात बरोबर होता, त्याच्याकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यात पुढारी पकडले गेले आणि एप्रिलमध्ये सुरू झालेला पुढचा संप पहिल्यासारखा टिकला नाही. मालकांना वेगळं काही करावं लागलं नाही.

१९२९ मधली ही गोष्ट मी मुद्दाम थोडी विस्ताराने सांगतो, कारण आजची सगळी पात्रं तिच्यात आहेत. स्वस्तात कामगार आणणारा मालक आहे. पोटासाठी आलेला परका आहे. रोजगार जाईल या भीतीने चिडलेला इथला कामगार आहे. आणि 'मुलं पळवतात' ही अफवा आहे, जी मूळ भांडणाचा रोख मालकावरून काढून एका जमातीवर वळवते. फरक इतकाच की तेव्हा अफवा पसरायला दोन दिवस लागायचे. आता दोन मिनिटं लागतात.

पुढे नाव बदलत गेलं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता. टाइपिस्ट, कारकून, उडुपी हॉटेलवाले. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला आणि त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक यांच्या रूपाने शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. लाल बावट्याचा गिरणगाव त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. २००८ मध्ये रोख उत्तर भारतीयांवर आला. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मार खावा लागला. आणि या सगळ्या काळात गिरणी कामगाराचं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच हळूहळू संपल्या. जमिनी विकल्या गेल्या. त्या कोणा मद्रासी टाइपिस्टाने किंवा उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्याने विकल्या नाहीत.

बांगलादेशी म्हणून बंगाली मजुरांना पकडण्याची पद्धतही नवी नाही. १९९८ च्या जुलैमध्ये, राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार असताना, मुंबईतून पकडलेल्या तीसहून अधिक लोकांना रेल्वेने बंगालच्या सीमेकडे नेलं जात होतं. त्यात जरीकाम करणारे कारागीर होते. हावड्याजवळ उलुबेडिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. हे लोक आमचेच, असं बंगालमधून सांगितलं गेलं आणि दोन राज्यांत मोठा वाद झाला. जमावाने कैदी सोडवणं हे काही कायद्याचं राज्य नव्हे. पण लोकांना त्या थराला जावं लागतं याचं कारण हेच की सुनावणीची नीट जागाच नसते.

मोर्च्यांचा हिशेब

मोर्चा हा या शहराचा जुना हक्क आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी याच कामगार वस्त्यांतून माणसं रस्त्यावर आली आणि १०६ जणांनी प्राण दिले. तेव्हा मोर्चा वाईट असं मी म्हणणार नाही. प्रश्न मोर्चा कोणाकडे काय मागतो याचा आहे.

२०१९-२० चा हिवाळा आठवा. १९ डिसेंबरला ऑगस्ट क्रांती मैदानात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध प्रचंड सभा झाली. सगळ्या जातिधर्मांचे तरुण तिथे होते. २६ जानेवारीपासून नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका धरणं धरून बसल्या, त्याला लोक मुंबई बाग म्हणू लागले. ९ फेब्रुवारीला मनसेचा मोर्चा हिंदू जिमखान्यापासून आझाद मैदानाकडे निघाला. त्याची मागणी होती बांगलादेशी आणि पाकिस्तानी घुसखोरांना हाकला. त्याच महिन्यात पुण्यात धनकवडी भागात कार्यकर्त्यांनी घरांत शिरून 'बांगलादेशी' शोधले. ज्यांना धरलं ते भारतीय नागरिक असल्याचं पोलिसांच्या तपासणीत समोर आलं.

या दोन प्रकारच्या आंदोलनांत मोठा फरक होता. एक सरकारकडे मागत होतं की नागरिकत्वाला धर्माची कसोटी लावू नका. दुसरं शेजाऱ्याच्या दारावर थाप मारत होतं. सरकारला जाब विचारणारा मोर्चा लोकशाहीचा असतो. दुबळ्याच्या दारावर जाणारा जमाव कितीही घोषणा देत गेला तरी त्याला मोर्चा म्हणता येत नाही.

आता आपला तो फलक या फूटपट्टीने मोजून बघा. 'आम्ही बांगलादेशी नाही' हे वाक्य सरकारला काही विचारत नाही. ते समोरच्याचा आरोप मान्य करतं, फक्त त्यातून स्वतःला वगळून घेतं. ते म्हणतं, शोधा जरूर, पण आम्हाला सोडून. मग कोणाला? शेजारच्या साइटवरच्या मालद्याच्या गवंड्याला. तोही मुसलमान, तोही भारतीय, पण त्याला मराठी येत नाही एवढाच त्याचा गुन्हा. आणि ज्याला आपण खूश करायला निघालो आहोत तो आपलं मराठी ऐकून थांबेल असं वाटतं का? ज्यांच्या मनात शंका नावावरून आहे त्यांना भाषेचा पुरावा पुरत नाही.

मजुरी कोण पाडतं?

समोरच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मी गंभीरपणे घेतो. बेकायदा आलेला माणूस कमी पैशांत राबतो, त्यामुळे इथल्याची मजुरी पडते. यात तथ्य आहे. ज्याला पोलिसांचं भय आहे तो बाराशेच्या कामाला सातशेतही हो म्हणेल, आठवड्याचा पगार बुडाला तर गप्प बसेल, परातीसकट खाली पडला तरी दवाखान्यात खरं नाव सांगणार नाही.

पण नीट बघा, त्याला स्वस्त कशाने केलं? त्याच्या भीतीने. बिल्डर मोठ्या ठेकेदाराला काम देतो, तो लहान ठेकेदाराला, तो मुकादमाला. मुकादम गावातून उचल देऊन माणसं आणतो. सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस तक्रार करू लागला की एकच वाक्य पुरतं, 'पोलिसांना कळवू का?' हे वाक्य बांगलादेशीला ऐकवतात तसंच आता मुर्शिदाबादच्या भारतीयालाही ऐकवतात. धरपकडीची मोहीम जितकी आंधळी, तितकी ही धमकी स्वस्त. म्हणजे ज्या मोहिमेने मजुरी वाचेल असं सांगितलं जातं, तीच मजुरी पाडायला मदत करते.

अमेरिकेतल्या कामगार चळवळीला हे कळायला बरीच वर्षं लागली. शेतमजुरांचे थोर पुढारी सीझर चावेझ यांच्या संघटनेने १९७४ मध्ये बेकायदा आलेल्या मेक्सिकन मजुरांविरुद्धच मोहीम चालवली होती, कारण मळेवाले त्यांना संप फोडायला आणत. चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे होते. पुढे त्यांच्या संघटनेने भूमिका बदलली. तिथल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने २००० साली जाहीर केलं की कागद नसलेल्या कामगारांनाही हक्क मिळाले पाहिजेत. विचार साधा होता. ज्या कामगाराला तक्रार करता येते त्याला स्वस्तात राबवता येत नाही. १ मे २००६ ला लॉस एंजेलिस, शिकागो अशा शहरांत लाखो स्थलांतरितांनी काम बंद ठेवून मोर्चे काढले. १ मे, आपला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन.

मजुरी वाचवायची असेल तर उपाय मालकाच्या बाजूने आहेत. साइटवर किती माणसं आहेत, त्यांची नोंद आहे का, किमान वेतन मिळतं का, हे तपासा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो, तो कामगारांच्या कल्याणासाठी आहे. आपल्या गल्लीतल्या साइटवरच्या किती जणांची त्या मंडळात नोंदणी आहे ते विचारून बघा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो आणि असे अनेक कायदे चार कामगार संहितांमध्ये सामावले गेले. कायद्याची नावं बदलली, पण कागद नसलेला कामगार ज्याला परवडतो त्या ठेकेदाराच्या कार्यालयावर मोर्चा गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

कायदा काय म्हणतो

कोणत्याही देशाला आपल्या सीमेवर कोण येतं-जातं हे ठरवण्याचा अधिकार आहे. भारतालाही आहे. कोणी बेकायदा आलं असेल तर कायद्याने चौकशी व्हावी, निर्णय व्हावा, आणि त्याच्या देशाशी बोलून त्याला माणसासारखं परत पाठवावं. बनावट कागद बनवणाऱ्या दलालांना शिक्षा व्हावी. आपल्या समाजातले काही दलाल हा धंदा करतात, त्यांना पाठीशी घालण्याचं कारण नाही. ते घुसखोरापेक्षा आपलंच जास्त नुकसान करतात.

पण कायदा म्हणजे काय ते पुरतं समजून घ्या. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला आणि भार तसाच राहिला. मात्र जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हा भार अंगावर टाकण्याआधी सरकारकडे काही ठोस आधार हवा. कोणालाही उचलून 'सिद्ध कर' असं म्हणता येणार नाही. राज्यघटनेचं कलम २१ जीवन आणि स्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक 'व्यक्तीला' देतं, फक्त नागरिकाला नाही. कलम २२ सांगतं की अटकेचं कारण कळवा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. मीरा रोडच्या गवंड्याला एवढं मिळालं असतं तरी तो सीमेपलीकडे गेला नसता.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी भारतीय नागरिक होत नाही. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्याने. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेला असेल तर आईबापांपैकी एकजण नागरिक हवा. त्यानंतरचा असेल तर दोघे नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज विशीतल्या मुलाला स्वतःच्या जन्माबरोबर आईबापाचाही पुरावा ठेवावा लागतो.

हा पुरावा गरिबाकडे का नसतो हे गिरणगावाला सांगायला नको. संपात देशोधडीला लागलेल्या कामगारांना म्हाडाचं घर हवं तर आपण गिरणीत होतो हे सिद्ध करावं लागतं. तिकीट नंबर, हजेरी पास, भविष्य निर्वाह निधीचा कागद, ईएसआयचं कार्ड. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. कित्येकांच्या वारसांकडे हे तुकडे नाहीत, कारण खोली बदलली, पावसात ट्रंक भिजली, माणूस गावी गेला. २०२५ च्या जुलैमध्येही हे लोक आझाद मैदानात बसले होते, शेलू-वांगणीला नको, मुंबईतच घर द्या म्हणत. ज्याने वीस-तीस वर्षं साचा चालवला त्याला तो कामगार होता हे कागदावर दाखवता येत नाही. मग भूमिहीन बापाच्या पोटी घरीच जन्मलेल्या मुलीला तिचा देश कोणता हे कागदावर कसं दाखवता येईल? आसामात २०१९ च्या नागरिक नोंदणीत १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले आणि त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही होते.

महाराष्ट्रात जन्मदाखल्यांचा प्रश्नही असाच पेटला आहे. उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या दाखल्यांतून बांगलादेशींना कागद मिळतात असा आरोप झाला, मालेगावचं नाव पुढे आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. नियम कडक झाले. खोटे दाखले शोधलेच पाहिजेत. पण उशिरा नोंद होणं हा गुन्हा नाही, ती आपल्या सगळ्या गरीब समाजांची, हिंदूंची आणि आदिवासींचीही जुनी अडचण आहे.

आपल्या घरातले 'बेकायदा'

आपल्यातल्या काहींना मालद्याचा गवंडी परका वाटतो. त्यांना मी आखातातल्या आपल्या माणसांची आठवण करून देईन. कोकणातल्या गावागावांतून आणि घाटावरूनही माणसं दुबई, कुवेत, सौदीला गेली. कफील पासपोर्ट काढून घेई. पगार थकला म्हणून माणूस दुसरीकडे कामाला लागला की त्या क्षणी तो तिथे बेकायदा ठरे. एका खोलीत दहा-बारा जण, दारावर थाप पडली की जीव मुठीत. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर २०२४ पासून वर्षअखेरपर्यंत माफीची मुदत दिली तेव्हा आपल्या कितीतरी घरांत दुवा मागितली गेली. त्या माणसांना आपण घुसखोर म्हणालो नाही. पोटासाठी गेला बिचारा, असंच म्हणालो.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले. हातापायांत बेड्या होत्या. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. साऱ्या देशाला ते पाहून लाज वाटली, संताप आला. तो संताप योग्यच होता. त्यांनी त्या देशाचा कायदा मोडला होता हे खरं असूनही तो योग्य होता, कारण माणसाला वागवायची एक रीत असते. तीच रीत आपण मुंबईच्या रस्त्यावर मागतो आहोत, जास्त काही नाही.

आता काय करायचं

मोर्चा काढायचाच असेल तर एकटे काढू नका. बांधकाम कामगारांच्या संघटना, घरकामगार बायका, फेरीवाले, गिरणी कामगारांचे वारस, या सगळ्यांना बरोबर घ्या. फलकावर मागण्या लिहा. सुनावणी झाल्याशिवाय कोणालाही सीमेकडे नेऊ नका. भाषा किंवा नाव हा संशयाचा आधार मानू नका. चुकीने बाहेर काढलेल्या नागरिकाला भरपाई द्या आणि जबाबदार अधिकाऱ्याची चौकशी करा. नोंद नसलेला कामगार सापडला तर आधी ठेकेदाराला विचारा. या मागण्यांत धर्म कुठेच नाही, म्हणून त्या कोणत्याही धर्माच्या कामगाराला आपल्या वाटतील.

मोर्च्याआधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत आणि ती तुम्ही या रविवारपासून करू शकता. घरातली ट्रंक उघडा. आजोबा-वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा सातबारा, गिरणीचं सर्व्हिस सर्टिफिकेट, जुन्या मतदारयादीतलं नाव, रेशनकार्ड, सगळं एका फाइलीत लावा आणि फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असेल, शेख कुठे वेगळ्या स्पेलिंगने असेल, तर रीतसर दुरुस्ती करून घ्या. जन्माची नोंद नसेल तर सरळ मार्गाने अर्ज करा, वेळ लागला तरी चालेल. 'चार हजारात करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. एका खोट्या कागदाने घरातले दहा खरे कागद संशयात येतात.

मग हेच काम वस्तीसाठी करा. आठवड्यातून एक संध्याकाळ कागदपत्रं मदत केंद्र चालवा आणि ते सर्वांसाठी उघडं ठेवा. चाळीतल्या मावशीही येऊ देत, साइटवरचा दादाही येऊ दे. ज्यांना बांगला येतं अशा एक-दोघांना बरोबर घ्या. परिसरातल्या वकिलांचे नंबर भिंतीवर लावा. कोणाला उचलून नेलं असं कळलं तर आरडाओरडा न करता पोलीस ठाण्यात जा, अटकेचं कारण लेखी मागा, त्याच्या गावच्या पंचायतीला आणि घरच्यांना फोन लावा, २४ तासांचा हिशेब ठेवा. जूनमधली माणसं परत आली ती कोणीतरी असा पाठपुरावा केला म्हणून.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक साइटवर बांगलादेशी पकडले' असा संदेश आला तर पुढे ढकलण्याआधी थांबा. १९२९ मध्ये या वस्त्यांनी एका अफवेवर विश्वास ठेवला आणि दीडशे जीव गेले. संप हरला. पठाणांना कामावर आणणाऱ्यांचं त्यात काही गेलं नाही.

मराठी असण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण ज्या मराठी परंपरेत आपण वाढलो तिने आपल्याला हक्क मागायला शिकवलं आहे. शेजाऱ्याकडे बोट दाखवून स्वतःला वाचवायला तिने शिकवलेलं नाही. ना. म. जोशींच्या नावाच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी तरी कामगाराला आधी त्याची मजुरी मिळाली का हे विचारावं. तो कुठला, हे ज्याने विचारायचं त्याने कायद्याने, कागद समोर ठेवून आणि न्यायाधीशासमोर विचारावं.